दीड वीत तुरपाई

प्रिय ढब्बू,

तुझे सगळे मेसेज पोचले, कालचा नुसत्या प्रश्नचिन्हांचासुद्धा. हो बाबा, बघितला तुझा सिनेमा. पेन ड्राइव्ह मिळून अकरा दिवस झाले. पहिल्याच दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत बघितला, आणि परवा पुन्हा बघितला. सोमवारी तुमचं एडिटिंग संपणार आणि मग काही हलवता येणार नाही, हे तू तीनदा कळवलंयस. पण फोनवर तू मध्ये बोलतोस आणि मी भलतीकडे जाते, म्हणून कागद घेतला. कुरिअरवाला शुक्रवारी देतो म्हणालाय. आता गुमान शेवटपर्यंत वाच.

धूरवाल्याचा नवा सिनेमा आला, तुला वेळ झाला नसेलच. मी पहिल्या दिवशी जाऊन आले. तू दुसरीत असताना या दिग्दर्शकाला हे नाव ठेवलंस, आणि अजून या माणसाला धूर सोडल्याशिवाय दारसुद्धा उघडता येत नाही. हिरो चौदाव्या मजल्यावरून पाण्याच्या टाकीत पडतो, ओलाचिंब बाहेर येतो, आणि पँटची इस्त्री जशीच्या तशी. हे कापड कुठे मिळतं ते तरी सांगा, मी गठ्ठाभर मागवते. व्हिलनच्या कोटाला मारामारीच्या सुरुवातीला तीन बटणं होती, शेवटी चार. मार खाता खाता बटणं वाढणारा हा पहिलाच माणूस. लोक म्हणतात, याचे सिनेमे बघायला डोकं घरी ठेवून जावं. मला नाही पटत. एवढ्या धूमधडाक्यात त्याने हिरोला एका म्हाताऱ्याचा चष्मा शोधायला लावलं, आणि अख्खं थिएटर त्या चष्म्यासाठी जीव मुठीत धरून बसलं. हे येतं त्याला.

घड्याळ्याचाही बघितला. तोच रे तुझा लाडका, ज्याची गोष्ट शेवटाकडून सुरू होते आणि मध्येच कुठेतरी संपते. त्याचे पाच बघितले, दोन कळले, उरलेल्या तिन्हींबद्दल आदर आहे. बाहेर पडताना सगळे एकमेकांना समजावून सांगत होते आणि कुणाचंच कुणाशी जुळत नव्हतं. तुझ्या त्या आवडत्या सिनेमा-मालिकेचा चौथा भाग मात्र निव्वळ फसवणूक आहे. दुसऱ्या भागात मेलेला माणूस परत आणलाय. बरं, आणा. पण चार वर्षांनी येतोय तर निदान दाढी तरी वाढलेली दाखवा.

किती वीत झाली विचारशील. तुझ्या टीममधल्या कुणाला हे वाचून दाखवलंस तर समजावं म्हणून लिहिते. मी सिनेमाला जाताना शिवायला आलेला एखादा झगा नेते आणि अंधारात त्याचा घेर हाताने तुरपत बसते. बोटांना उजेड लागत नाही. सिनेमा पकड घेतो तेव्हा हात आपोआप थांबतात. घरी येऊन तू लहानपणी वितीने मोजायचास. जेवढी तुरपाई जास्त, तेवढा सिनेमा भिकार. तर धूरवाला दोन वीत, घड्याळ्या अडीच, आणि चौथा भाग अख्खा घेर.

आता तुझा. पहिला तासभर सुई कापडात खुपसलेली तशीच राहिली. टेम्पो बाजारात घुसतो तिथे मी चहा सांडला, आणि तुझे ते दोघे ड्रायव्हर नकाशावरून भांडतात तेव्हा इतकी हसले की शेजारचा घड्याळ दुरुस्तीवाला शटरखालून वाकून बघून गेला. पोरा, तुला सिनेमा करता येतो. हे मी मावशी म्हणून सांगत नाही. मावशी म्हणून सांगायचं असतं तर पहिल्याच दिवशी फोन केला असता.

मग आईचा सीन आला. ज्याच्यासाठी तू हा सगळा घाट घातलास, तो. करडी खिडकी, व्हायोलिन, पलंगावर ती एकटी, डोळ्यांत पाणी, पूर्ण सात मिनिटं. सीन संपला तेव्हा मी खाली बघितलं, तर दीड वीत तुरपाई झाली होती. आणि चांगली झाली होती, एक टाका वाकडा नाही. मला माझीच लाज वाटली. पडद्यावर माझी सख्खी बहीण मरतेय आणि माझे हात चाललेत. परवा पुन्हा बघितला तो याचसाठी, आणि पुन्हा तेच झालं. मधले नऊ दिवस मी तुला खोटं सांगायचं ठरवत होते. दोन-तीन वाक्यं तयारही केली होती, फार सुंदर होती. मग परवा लक्षात आलं की माझं काळीज दगडाचं नाही. ती बाई छान रडते, पण ताई तिथे नाहीच.

तू सहा वर्षांचा होतास. तुला त्या खोलीत आणलं की आम्ही सगळे तोंडं पाडून बसायचो, म्हणून तुला तेवढंच आठवतं. मला दुसरं आठवतं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण भाऊजींनी मला जन्मभर माफ केलं नसतं. जायच्या तीन आठवडे आधी ताईने नर्सला पटवलं आणि एका दुपारी हॉस्पिटलच्या गाउनवर माझा कोट घालून आम्ही रिक्षाने सिनेमाला गेलो. कसला भंपक सिनेमा होता, हेलिकॉप्टर पुलाखालून जायचं. ताई इतकी हसली की मागच्या रांगेतल्यांनी हटकलं. मध्यंतरात म्हणाली की ढब्बूलाही आणलं असतं, पण तो घरी जाऊन सगळं ओकेल. मग म्हणाली, मोठा झाला की दाखवशील ना त्याला असले सगळे. सिनेमाचं वेड माझं कधीच नव्हतं रे, तिचं होतं. मी फक्त तुला नेत राहिले. खिडकीपाशी बसून रडणारी आई तुझ्या मनातली आहे, आणि तुला ती ठेवायची तर ठेव. पण मला विचारलंस तर निर्मात्याला सांगून सोमवार पुढे ढकल, तो सीन काढ आणि तिला हसताना दाखव. हसताना आधी तिच्या नाकातून आवाज यायचा, मग दोन्ही खांदे हलायचे, आणि खरं खळखळून हसू सगळ्यात शेवटी. हे लिहून कळणार नाही. त्या बाईला घेऊन इकडे ये, मी करून दाखवते.

तुझी वाट बघणारी,
तुझीच मावशी