धुतलेली गाडी

झरीन, सलाम.

इथं खाबुरा गावातल्या आमच्या फुटबॉल क्लबचा रशियन कोच गेनादी काल मायदेशी परत गेला. काढलेल्या कोचांना एअरपोर्टला सोडून सोडून कंटाळलो बघ. अर्बाब, म्हणजे आमचा मालक, तोंडावर कुणाला काढत नाही, मला फोन करतो, "गाडी धुऊन ठेव, एअरपोर्टला जायचंय."

गेनादी मैदानात पोरांना पळवत होता. चकचकीत गाडी दिसली तशी त्यानं गळ्यातली शिट्टी काढली आणि हसला. म्हणाला, "तौहीद, सुदानात, येमेनात, सगळीकडे ड्रायव्हरलाच आधी कळतं."

आज पुन्हा फोन आला, गाडी धू. कोण जाणार, विचारलं, तर "यल्ला, चल, धू लवकर" म्हणाला. क्लबात आता कोच नाहीच गं. आणि सकाळपासून नवा ड्रायव्हर येऊन बसलाय.

हे पत्र टाकत नाही. पत्राच्या आधी मीच घरी पोचेन.

तुझा,
तौहीद