पहिला थेंब बाबल्याला

अंधेरी, मुंबई
३ मार्च २०२५

तीर्थरूप सुनिताआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला की काय असेल ते लिहून कळव म्हणतेस आणि ठेवून देतेस. आशागडच्या पोस्टात पस्तीस वर्षं काढलेल्या बाईशी वाद कोण घालणार? म्हणून हा कागद.

बातमी मोठी आहे. गेल्या महिन्यात तलासरीला बाबल्याकाकाकडे जाऊन मी जो व्हिडिओ केला, तो तुफान चालला. इथल्या एका छोट्या कंपनीने आपल्या डहाणूच्या चिकूची बियर काढली आहे. मोठ्या कारखान्यातली नव्हे, थोडी थोडी, निगुतीने बनवलेली. शहरात अशा बियरची सध्या फार हौस आहे. दारूची जाहिरात करायला बंदी, म्हणून कंपन्या आमच्यासारख्या व्हिडिओवाल्यांना धरतात. आम्ही जाहिरात करत नाही, आमचं जगणं दाखवतो. त्या जगण्यात हातात एक ग्लास असतो, इतकंच.

तर काकाला मी ती बियर दिली. त्याने आपल्या घरच्या रीतीने आधी तीन थेंब जमिनीवर टाकले, नाव घेतलं आणि मग ग्लास तोंडाला लावला. कंपनीचा उमेश बरोबर होता, तो तर उडालाच. उजेड नीट पडेना, म्हणून काकाकडून सात वेळा तेच करून घेतलं. काका कुरकुरला, पण केलं. बाबा गेल्यापासून त्याने माझा कुठला हट्ट मोडला आहे? जो तुकडा आम्ही लावला, त्यात तो थेंब टाकतो आणि म्हणतो, बाबल्याला. बस्स. आता जो तो पहिला थेंब टाकून बाबल्याला म्हणत सुटला आहे.

गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की बाटली नुसती शोभेला ठेवली आहेस? लोभ आहेच, तो असाच ओतत राहा.

तुझी,
वर्षा


मसोली, डहाणू
८ मार्च

चि. वर्षास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तीर्थरूप आई-वडिलांना लिहायचं असतं, आत्याला तीर्थस्वरूप. तुला शाळेत शिकवलं नसेल तर मी शिकवलं होतं. गुडघे आहेत तिथेच आहेत.

बाबल्यादादाची ताडी पोलीस दिसला की लपवायची आणि तुमची बियर म्हणजे जगणं, हे वाचून मी एकटीच हसले. मग शेजारच्या रोशनीला बोलावलं आणि तिच्या मोबाईलवर तुझा व्हिडिओ पाहिला. तीनदा पाहिला. त्यानंतर मला हसू आलं नाही.

वर्षा, ते थेंब कोणाचे असतात हे तू विसरलीस का गं? ते गेलेल्या माणसाचे. ज्याला प्यायला बोलवायचं त्याचं नाव घ्यायचं. तुझा बाप लडक्या गेला तेव्हापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, दादा प्रत्येक वेळी लडक्याला असंच म्हणत आला आहे. मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. जिवंत माणसाचं नाव त्या थेंबांवर आपल्यात कोणी थट्टेनेही घेत नाही. मग त्याने स्वतःचं नाव का घेतलं? तुला विचारावंसंही वाटलं नाही?

मी अंगारेधुपारे करणारी बाई नाही, तू जाणतेस. पण जन्मभर टपाल वाटलं आहे. पत्ता चुकला तर पत्र फिरून परत तरी येतं. नाव चुकलं तर भलत्याच्या हाती पडतं आणि तो ते फोडतो.

तो व्हिडिओ काढून टाक. माझं एवढं ऐक.

तुझी चिंता करणारी,
सुनिताआत्या


अंधेरी
१५ मार्च

तीर्थस्वरूप (बघ!) आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. मग काकाला फोन लावला. तो म्हणाला, कॅमेऱ्यासमोर जीभ अडखळली, पोरी, तू काम कर. झालं की नाही? माणूस बुजला की स्वतःचंच नाव आधी तोंडात येतं. तू उगीच मनाला लावून घेऊ नकोस.

आणि आता काढायचं म्हटलं तरी कसं? कंपनीने बियरचं नावच बाबल्या ठेवलं आहे! कॅनवर काकाचा चेहरा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अगदी जसाच्या तसा. उमेश सांगत होता की चव सगळ्यांचीच थोड्याफार फरकाने सारखी असते, लोक गोष्ट विकत घेतात. त्याने माझ्यासारख्या आणखी चाळीस जणांना कॅन पाठवले. ते थेंब टाकतात, बाबल्याला म्हणतात आणि आपल्या तीन मित्रांना तसं करायला सांगतात. बंगळूरची एक मुलगी गच्चीवर टाकते, दिल्लीचा एकजण चक्क गालिच्यावर. काल एका दिवसात अकरा हजार लोकांनी केलं. आपल्या पाड्यावरच्या माणसाचं नाव, आत्या! मला तर रडू आलं.

तुझा लोभ रागाच्या वाटेने आला तरी चालेल, पण येत राहावा.

वर्षा


मसोली
२४ मार्च

चि. वर्षास,
अ. आ.

परवा तलासरीला जाऊन आले. सगळं सविस्तर लिहिते. मध्येच टाकून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच.

दादाने ताडावर चढणं सोडलं आहे. ऐन हंगामात. मडकी पडवीत पालथी पडली आहेत. साठी उलटली तरी खारीसारखा चढणारा माणूस, त्याला विचारलं तर म्हणतो, वर असलो आणि कोणी हाक मारली तर हात सुटायचा. कोण हाक मारतंय, विचारलं. त्यावर तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच बहिरी आहे.

मी दोन दिवस राहिले. भाकरी खाताना तो मध्येच मान वर करतो आणि ओ म्हणतो. अंगणात कोणी नसतं. संध्याकाळी तोंड न दिसता हाक आली तर तीन हाका होईपर्यंत ओ द्यायची नाही, हे आईने आपल्याला शिकवलं होतं, त्याची मी त्याला आठवण करून दिली. तो म्हणाला, तीन कधीच झाल्या, सुने. आता मोजायला बसलो तर जेवण व्हायचं नाही.

मग मी सरळ विचारलं, स्वतःचं नाव का घेतलंस. तुला तो जीभ अडखळली म्हणाला ना? मला खरं सांगितलं. पहिल्या वेळी त्याने लडक्याचंच नाव घेतलं होतं. तुमच्या उमेशने पुन्हा करा म्हटलं. दादा म्हणाला, भाऊ एकदा येऊन बसला, त्याला उठवून परत बोलवू? सात वेळा बोलावू आणि प्यायला काही नाही, नुसतं दाखवायला? मेलेल्याची अशी चेष्टा मी करीन होय? आणि तुला नाही म्हणवेना. तू इतकी खुशीत होतीस म्हणे. म्हणून दुसऱ्या वेळेपासून त्याने आपलं नाव घातलं. त्याला वाटलं, त्रास झाला तर एका माणसाला होईल, आणि तो आपण स्वतःच आहोत, सोसू. ही गोष्ट तुमच्या सात वेळांवर थांबणार नाही हे त्या भोळ्याला कसं कळावं?

आता तू ठरव. कॅन, चेहरा, मला त्यातलं कळत नाही. मला माझा भाऊ कळतो. दोन भावांतला एकच उरला आहे.

आत्या


अंधेरी
४ एप्रिल

ती. स्व. आत्यास,
सा. न.

पत्र हातात घेऊन मी जिन्यातच बसून राहिले. बाबांसाठी केलं त्याने, आणि मी त्याला उजेडाकडे तोंड कर म्हणत होते.

माझा व्हिडिओ त्याच दिवशी काढून टाकला. काही उपयोग झाला नाही. लोकांनी तो कधीच उतरवून घेतला आहे, आता तो माझ्याशिवाय फिरतो. त्या चाळीस जणांना मी एकेकाला लिहिलं. चौघांनी आपापला काढून टाकला. एकीने विचारलं की काका खरंच आजारी आहेत का, असतील तर त्यावरही एक व्हिडिओ होईल. उमेशला भेटले. तो वाईट माणूस नाही गं, त्याने चहा मागवला, ऐकून घेतलं. मग कागद दाखवला. काकाचा अंगठा आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही. नाव आणि चेहरा कंपनीचा. मी म्हटलं, निदान बाबल्याला म्हणणं तरी बंद करा. तो म्हणाला, लोकांच्या तोंडाला मी हात कसा लावू?

शनिवारी, १२ तारखेला, लोअर परळला कॅनचा मोठा समारंभ आहे. संध्याकाळी सात वाजता तीनशे माणसं एकदम थेंब टाकून नाव घेणार आहेत. आणखी किती ठिकाणी लोक आपापल्या घरातून मोबाईलवर बघत तसंच करणार, कोण जाणे. मी तिथे जाऊन शेवटचं सांगून बघणार आहे, ऐकलं नाही तर तिथेच ओरडेन.

तू काकाला त्या दिवशी तुझ्याकडे मसोलीला आण. डॉक्टरला दाखव. झाडाजवळ, विहिरीजवळ जाऊ देऊ नकोस. एकटं सोडू नकोस. मी तुझ्या पाया पडते.

वर्षा


मसोली
१६ एप्रिल

चि. वर्षास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर दादा गेला एवढंच बोलता आलं. बाकीचं लिहिते. तू मातीला आली नाहीस, तोंड दाखवायची लाज वाटते म्हणालीस. मी रागावलेली नाही. रागावले होते, पण आता नाही.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. शुक्रवारीच त्याला आणलं. डॉक्टरने तपासलं, रक्तदाब जरा जास्त, बाकी काही नाही म्हणाला, गोळी दिली. शनिवारी दुपारी दादा नीट जेवला, मासळीला नावं ठेवली. मला बरं वाटलं. मग त्याने आंघोळ केली, धुतलेला सदरा मागितला. कुठे जायचंय विचारलं, तर हसला. मी त्याला वाल सोलायला बसवलं, हात गुंतलेले राहावेत म्हणून, आणि समोरच बसून राहिले.

सातच्या सुमाराला तो सोलता सोलता थांबला. कान देऊन ऐकत होता. माणसं फार झाली, म्हणाला. मग अगदी साधेपणाने, बाजारात वाट विचारावी तसं मला विचारलं, सुने, यातल्या कोणाकडे आधी जाऊ? मी त्याचा हात धरला. कोणाकडे नाही, इथेच बस म्हटलं. दोन्ही हातांनी धरला होता, वर्षा. तरी त्याने ओ दिली. मोठ्याने, लांबच्या माणसाला द्यावी तशी. आणि मान टाकली.

डॉक्टरने हृदय बंद पडलं असं लिहिलं आहे. तो कागद मी जपून ठेवला आहे, कारण खोटा नाही. तू त्या वेळी तिथे ओरडत होतीस आणि लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला, हे तू रडत सांगितलंस. तुला दोष देऊन माझा भाऊ उठणार नाही. त्याने तुला शेवटपर्यंत पोरीच म्हटलं, हे मात्र तुला कळायला हवं.

तुझ्या कंपनीतून परवा फुलं आली, आणि श्रद्धांजलीसाठी घरातल्या कोणी दोन शब्द बोलून पाठवावेत असा निरोप. फुलं मी शेजारच्या गाईला घातली.

बुधवारी २३ तारखेला बारावा आहे, तलासरीला. त्या दिवशी थेंब टाकून त्याचं नाव पहिल्यांदा घ्यायचं असतं, आणि ते त्याने वाढवलेल्या लेकराने घ्यायचं असतं. ते तूच. मी घेऊ शकत नाही, रीत नाही. तेव्हा लाज बाजूला ठेव आणि ये. मोबाईल मुंबईलाच राहू दे. हळू आवाजात एकदाच म्हण. एवढ्या आवाजांत त्याला तुझा ओळखू येईल की नाही, हीच एक भीती माझ्या मनात राहिली आहे.

तुझी,
सुनिताआत्या