राग आसा तर रागान ये

आये,

माझे केस परत आले. गेले तेव्हा सरळ होते, आले ते बारीक कुरळे, थेट तुझ्यासारखे. आरशात बघितलं की वाटतं, तूच उभी आहेस आणि आता मला काहीतरी बोलणार. गेल्या वर्षी छातीत गाठ निघाली, ती काढली, मग सलाईनमधून औषधं चढवली, आणि आता डॉक्टर म्हणतात, बरी आहेस, तपासायला येत राहा. एवढंच सांगायचं होतं. पण एका ओळीच्या बातमीने तुझं कधी भागलं नाही, म्हणून सगळं लिहायला बसले आहे.

मी दहावीत होते. नाताळ तोंडावर आलेला, आणि विहिरीवर कळशी भरता भरता तू खाली बसलीस. उजवा हात गेला, पाय ओढत चालायला लागलीस, ओठ एका बाजूला वाकडा झाला. बोलणं तेवढं देवाने शाबूत ठेवलं. आरोंदा गावातला जो येई तो हळहळून जाई. शेजारची काकी तर दारातच रडायला लागली, तेव्हा तूच तिला म्हणालीस, "रडतंस कित्याक गो? हात गेलो, तोंड आसा मा अजून! आता नेवऱ्यो तू लाट, मी चुको काढतंय." आणि खरंच, खाडीकडच्या आपल्या त्या स्वयंपाकघरात काकी करंजीची पारी लाटतेय, मी खोबऱ्याचं सारण भरतेय आणि तू खुर्चीत बसून डाव्या अंगठ्याने कडा दाबतेयस. निम्म्या नेवऱ्या तळताना तोंड उघडतात, तेलभर खोबरं पसरतं. काकी म्हणते, "आमच्या चवथीक असल्यो नेवऱ्यो केलंय तर गणपती पाटावरसून उठान जातलो!" तू इतकी हसतेस की वाकडा ओठ क्षणभर सरळ दिसतो. "आमचो जेजू गोठ्यात जल्माक इलो. तेका सगळां चलता."

मला मात्र चालत नव्हतं. संध्याकाळी घरात जपमाळेची प्रार्थना सुरू व्हायची तेव्हा मी अंगणात थांबायचे. एकदा तू हाक मारलीस आणि मी बाहेरूनच ओरडले, "मी येवचंय नाय. तू रोज तेका हाक मारतंस, तेणी तुका काय दिल्यान?" मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. तू काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आलीस. "राग आसा तर रागान ये. पण ये. थंय भायर उभी रवान कोणाक राग दाखवतंस, माडांक?" मी तोंड फुगवून आत आले आणि गुडघे टेकले. प्रार्थना संपल्यावर विचारलं, त्याने तुला बरी का केली नाही? तू जपमाळ डाव्या मुठीत गुंडाळलीस. तुला उत्तर तयार ठेवायची सवय नव्हती. मग म्हणालीस, "ठावक नाय गो. पण जो सोता खुरसार खिळे खावन मेलो, तेका दुखणां म्हणजे काय तां सांगूक लागणा नाय. तो माझ्या वांगडा, माझ्या सोबतीक आसा. आणि शेवटाक माका घरी व्हरतलो, ह्यां माका ठावक आसा." तारण, मुक्ती हे शब्द मी पुढे प्रवचनांत पुष्कळ ऐकले. पण कुणी ते शब्द उच्चारले की मला ऐकू येतं ते तुझं 'घरी व्हरतलो', घरी नेईल.

तू गेलीस ती दुपारची. फादर तुझ्या कपाळाला पवित्र तेल लावून, प्रार्थना करून बाहेर बसलेले. मी तुझा निर्जीव हात धरून रडतेय, आणि तू डोळे न उघडता म्हणतेस, "थंय माका दोनय हात गावतले. पयल्या दिवसाक नेवऱ्यो करतलंय. एकय फुटाची नाय." मग आवाज चढवून, "फादराक चाय दिलास काय?" मी रडता रडता हसले. मरणाच्या घरात कुणी हसतं का? पण तुझ्या घरात आम्ही हसलो.

गोव्याच्या इस्पितळात औषधाच्या दुसऱ्या खेपेला पोटात पाणीही ठरेना, तेव्हा माझी प्रार्थना आटली. शब्दच येईनात. शेवटी उशीत तोंड घालून पुटपुटले, "रागान इलंय. पण इलंय." शेजारच्या खाटेवर सावंतवाडीकडची एक बाई होती, काजूची बाग असलेली. तिने विचारलं, "ताई, कोणार रागावतास?"

"देवार."

"तुमच्यात चलता तां?"

"माझ्या आयशीन परवानगी दिल्यान हा."

ती खुदकन हसली. ती आल्यापासून पहिल्यांदाच. मग हळूच म्हणाली, "तुमचो देव बरां करता?" हो म्हणायचा मोह झाला. पण तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोलवेना. मी म्हटलं, "कधी करता. माझ्या आयशीक करूक नाय. पण तिका एकटी सोडूक नाय, आणि मरताना ती भियाली नाय." ती माझ्याकडे कुशीवर वळली. "मगे माझ्यासाठी पण सांगा तेका." आये, दोघींसाठी मागायला लागले आणि माझा राग कुठे गेला ते कळलंच नाही. बरी होईन की नाही, काही ठाऊक नव्हतं. पण जिथे जाईन तिथे कुणीतरी आपलं आहे, एवढं त्या खाटेवर पक्कं कळलं, आणि झोप लागली. ती बाईही घरी गेली. आता फोन करते आणि तिचे काजू किती गोड ते मलाच कबूल करायला लावते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? राहील माझ्याकडेच. पण एक गोष्ट फादरांनाही सांगितलेली नाही, ती तुला सांगते. रिपोर्ट चांगला आला त्या दिवशी थेट चर्चमध्ये जायचं ठरवलं होतं. वाटेत शिरोड्याच्या बाजारात बांगडे दिसले, डोळे अजून चकाकणारे. घरी आले, त्यांचं झणझणीत तिखलं केलं, कित्येक महिन्यांनी चव लागली, पोट फुटेस्तोवर जेवले आणि जी झोपले ती सकाळीच उठले. तेव्हा आठवलं, देवाचे आभार मानायचे राहूनच गेले. मग मानले गो. अंथरुणातूनच, तोंडसुद्धा न धुता.