पहिलवानाचं पाणी

४ मार्च
पंधरा दिवस ताईकडे फुकट मुक्काम. बदल्यात भावोजींच्या काचेच्या टाकीतल्या मँटिस श्रिम्पची सेवा! कोळंबीसारखा बोटभर समुद्री प्राणी, अंगावर रंगाचे डबे सांडल्यासारखा. ठोशानं शिंपला फोडतो म्हणे. मी नाव ठेवलं — पहिलवान. भावोजी शाळेत विज्ञान शिकवतात, सध्या कसल्याशा प्रशिक्षणाला गेलेत. जाताना हुकूम — "पाणी उडून पातळी उतरली की खारंच पाणी घाल. मी वर्षभर तेच करतोय. डोकं चालवू नकोस!"
नाही चालवत. सवयही नाही.

७ मार्च
पहिलवान बिळाबाहेर येईना. जिवंत खेकडा सोडला. खेकडा त्याच्या दारातच बसून राहिला! भावोजींना फोन केला. "नववी नापासाच्या हाती दिल्यावर दुसरं काय होणार!"
समोर कोणीतरी ट्रम्पेट शिकतंय. तीन दिवस एकच सूर. शिकवणारे भावोजीच असावेत.

८ मार्च
बाटलीत टाकीचं पाणी घेऊन माशांच्या दुकानात गेलो. दुकानवाल्या मावशींनी खारेपणा मोजला. "हे पाणी की मिठागर? अरे बाळा, पाणी उडतं, मीठ उडतं का? ते टाकीतच राहतं. वर आणखी खारं ओतलंत! पातळी भरायला गोडं पाणी लागतं. आता रोज तांब्याभर बदल. एकदम बदललंस तर मरेल."
घाम वाळला की शर्टावर पांढरे डाग राहतात. मला कळतं. विज्ञानाच्या सरांना नाही!

१२ मार्च
रोज तांब्याभर खारं बाहेर, गोडं आत. भावोजींना सांगितलं. "दुकानदार काय, माल खपवायला काहीही सांगतात." पाणी खपवायला?
ताई म्हणाली, "तू कर तुझं. बारा वर्षांत माझं तरी कधी ऐकलंय यांनी?"

१५ मार्च
ठक्! शिंपला फुटला! पहिलवान बाहेर, एक डोळा इकडे, एक तिकडे. मी नाचलो. ताईपण नाचली — कबूल करणार नाही.

१८ मार्च
भावोजी परतले. टाकी पाहून — "बघ, माझी पद्धत!" आणि बूट काढायच्या आधी अर्धा लिटर खारं पाणी ओतलं. मी बोललो. "तू मला शिकवणार?" ताई बोलली. ते तिच्याकडे पाठ करून बूट काढायला बसले. महिन्याभरात मारणार हा माणूस त्याला. माझा मुक्काम उद्या संपतोय.

१९ मार्च
बसमध्ये. मांडीवर झाकणाची बादली, आत पहिलवान. मावशींकडे टाकी रिकामी आहे. बादली ताईनंच भरून दिली — "पळ, ते अंघोळीला गेलेत!"
थांब्यावर वळून पाहिलं तर तीही मागे. हातात सुटकेस.