पाणी कमी होतं का?

वाडी, नागपूर
१५ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण दिवसभर गाडीखाली पडून पाठ अशी धरली आहे की कागदावरसुद्धा वाकवत नाही. समजून घ्या.

मी बरी आहे. तुम्हीही बरे असाल. काल संक्रांत झाली. घरमालकीणबाईंनी तिळगूळ दिला. दोन लाडू पाकिटात घालून तुम्हाला पाठवावेत असं आधी वाटलं होतं. मग पुढे काय लिहायचं आहे ते आठवलं आणि मीच खाऊन टाकले.

फोन सोडून पत्र कसलं, असं म्हणाल. तुमचा फोन आता तुमच्या लाडक्या लेकाच्या, पियूषच्या खिशात असतो. मी लावला की तो सांगतो, "बाबा झोपले हायेत." सकाळी अकरा वाजता! दिवसा झोपणाऱ्या माणसाला तुम्ही आयुष्यभर नावं ठेवलीत, त्यामुळे मला काही ते खरं वाटत नाही. म्हणून हे पत्र. चष्मा लावा आणि स्वतः वाचा. सुनेकडून, वैभवीकडून वाचून घेऊ नका. तिला जड जाईल, का ते पुढे कळेलच.

इकडे थंडी चांगली पडली आहे. थंडी म्हणजे आमचा सीझन. मारोतरावांच्या गॅरेजसमोर सकाळी न उठणाऱ्या गाड्यांची रांग लागते. डिझेलचं सगळं काम आता ते माझ्याकडेच देतात. ड्रायव्हर लोक मात्र अजून विचारतात, "मॅडम, मिस्त्री केव्हा येईन?" माझ्या हातात पाना असतो, हात कोपरापर्यंत काळे असतात, तरी विचारतात. मी म्हणते, "आला की सांगते," आणि कामाला लागते. गाडी उठली की मग पैसे काढतात.

आता शेडचं. ताराचंदजी आपल्या भिवापूरचेच, तुमच्या चांगल्या ओळखीचे. अमरावती रोडला त्यांच्या गोदामामागे टिनाची शेड रिकामी पडली आहे. मला तिथे स्वतःचं गॅरेज टाकायचं आहे. ते तयार होते. म्हणाले, गावची पोरगी आहे, परक्याला देण्यापेक्षा तुला देतो, फक्त एकदा बाबारावच्या कानावर घालतो. मला वाटलं, हे तर बरंच झालं. त्या आनंदात मी बोर्डासाठी पेंटरकडे पत्राही टाकून आले.

मागच्या आठवड्यात ते तुमच्याकडे येऊन गेले. तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि म्हणालात, "तिनं हात लावला अन् माही गाडी गेली. बाकी तुमचं तुम्ही पाहून घ्या."

त्यांनी मला हे जसंच्या तसं सांगितलं. सांगताना माझ्याकडे पाहत नव्हते. मी हसले, म्हटलं, बाबांची बोलायची सवयच आहे तशी. खोलीवर आल्यावर मात्र जेवण गेलं नाही. राग आला होता, बाबा. पण तेव्हा तो एवढाच होता की सख्ख्या बापाला आपल्यासाठी एक चांगला शब्द सापडू नये. पुढचं मला तेव्हा कुठे माहीत होतं?

त्यानंतर दोनच दिवसांनी आपली पिकअप माझ्याकडे आली. हो, तीच. उमरेडजवळ बंद पडली तेव्हा तुम्ही ती आहे तशी एका दलालाला देऊन टाकली होतीत, आणि त्याने ती आवारात उभी करून सोडून दिली होती. आता हिंगण्याच्या एका माणसाने घेतली आहे. त्याला कंपन्यांमध्ये खोके पोचवायचे आहेत. दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली. मागच्या फळीवर पियूषने रंगवलेलं वाकडं 'आई' अजून तसंच आहे. मी ओळख दाखवली नाही. मारोतराव म्हणाले, हेड उघड. आजवर ते कोणी उघडलंच नव्हतं. मी उघडलं.

चार पिस्टन. त्यातले तीन काजळी धरून काळे होते, असायला हवेत तसे. एक मात्र घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखा लख्ख. पिस्टन वाफेने धुतला गेला की असा होतो, तुम्हाला सांगायला नको. तिथे पाणी शिरत होतं. त्याच्या कडेला पाणी अडवणारं गॅस्केट जळून गेलं होतं आणि जळलेल्या जागेवर पाण्याच्या क्षारांचे थरावर थर चढले होते. एका दिवसाचं काम नव्हतं ते. उमरेडच्या कितीतरी आधीपासून गाडी पाणी पीत होती.

मी तिथेच खाली बसले. बॅटरी लावून चारही पिस्टन पुन्हा पाहिले.

दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा तुम्हाला आठवतो का? तुमचाच फोन आला होता, "गाडी सकाळी पांढरा धूर मारून राहिली, येऊन पाह्य." मला किती आनंद झाला होता काय सांगू! उमरेडचा मिस्त्री सोडून पहिल्यांदा तुम्ही मला बोलावलं होतं. मी सुट्टी टाकून आले. सकाळी पियूषने सेल्फ मारला आणि अंगणभर धूर झाला, पार वाळत घातलेल्या मिरचीपर्यंत.

धूर ओळखायला तुम्हीच शिकवलंत. काळा म्हणजे डिझेल जास्त जातंय, निळा म्हणजे ऑइल जळतंय. "पांढरा लबाड राह्यते," असं म्हणायचात. "थंडीनं कच्चं डिझेल निघते तरी पांढरा, अन् पाणी जळते तरी पांढरा. डोळ्यानं नको पाहू, नाकानं पाह्य."

मी नाकाने पाहिलं. कच्च्या डिझेलचा वास होता, डोळे चुरचुरत होते. रेडिएटरचं झाकण काढलं, आत पाणी काठोकाठ. तरीही मी तुम्हाला विचारलं, "बाबा, पाणी कमी होते काय? टाकावं लागते काय मधात मधात?"

"नाही वं. कवाच टाकलं नाही."

खांद्यावर गाडी पुसायचं फडकं टाकून तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात. मी म्हटलं, इंजिन गरम होईपर्यंत झाकण उघडं ठेवते, आत बुडबुडे येतात का पाहू, म्हणजे गॅस्केटची शंका नको. तुम्ही म्हणालात, "राहू दे, पियूषले माल घेऊन निघाचं हाये." मी राहू दिलं. थंडीत इंजिन तापवणारा एक हीटर प्लग खरंच गेलेला निघाला. मग काय, झालं माझं निदान! चारही प्लग बदलले, नोझल साफ करून बसवले, धूर थोडा कमी झाला आणि मी मोठ्या ऐटीत नागपूरला परत आले.

आठवड्याच्या आत उमरेडजवळ इंजिन उकळून बंद पडलं. मागे मिरचीची पोती भरलेली. इंजिनाला शेवटचा हात माझा लागलेला. "पोरीच्या हाती इंजिन दिल्यावर दुसरं काय होईन," असं पियूष गावभर बोलत फिरला आणि तुम्ही त्याला एकदाही अडवलं नाहीत. मलाही तेच वाटलं. नोझलखालचा वॉशर राहिला का, काही जास्त आवळलं गेलं का, हेच मी दोन वर्षं उगाळत बसले. तुमच्यासमोर यायला लाज वाटायची म्हणून दिवाळीलाही आले नाही. तुम्ही कधी म्हणालाही नाहीत, ये म्हणून.

रेडिएटरमध्ये कूलंट असतं तर धुराला गोडसर वास आला असता आणि मी तिथेच पकडलं असतं. पण त्यात कूलंट उरलंच नव्हतं. नुसतं विहिरीचं पाणी होतं, आणि त्याला कसला वास येणार?

ते उघडं इंजिन समोर ठेवून बसले असताना मला आईचा तांब्या आठवला. तुम्ही रोज सगळ्यांच्या आधी उठून गाडी पुसायचात. त्या सकाळी बकेट आणि फडक्यासोबत 'गोपिका' असं नाव कोरलेला तो स्टीलचा तांब्याही होता. मला त्या पुसण्याचं केवढं कौतुक! मैत्रिणींना सांगायचे, आमचे बाबा गाडीला बैलासारखं जपतात. पण काच पुसायला बकेट पुरते, बाबा. तांब्या कशाला लागतो?

तरी मी म्हटलं, उगाच संशय नको. वैभवीला फोन लावला. एवढंच विचारलं की मी यायच्या आधी गाडी कधी गरम झाली होती का.

"ताई, हे तुम्ही मले काहून विचारून राहिल्या?"

"गाडी माह्यासमोर उघडी पडली हाये. सांग."

मग ती रडली आणि बोलली. पियूष नागपूरहून रिकामी गाडी घेऊन परत येत होता. मित्राच्या हळदीला पोचायची घाई होती. वाटेत फॅनचा पट्टा तुटला, काटा लालवर गेला, तरी साहेब थांबले नाहीत. घरी आला तेव्हा बोनेटमधून वाफ निघत होती. "मामाजीनं आम्हाले सांगितलं, अश्लेषाले कळू देऊ नका, पियूषची बेइज्जती होईन."

पियूषची बेइज्जती! माझी झाली ती चालली. तिच्यावर रागावू नका, तुमची सून तुमच्यासमोर मान वर करत नाही आणि माझ्याशी खोटंही बोलू शकली नाही. तिने काय करायचं?

मग मला बोलावलंत तरी कशाला? मी खूप विचार केला. मला वाटतं, खरं न कळताच मी गाडी नीट करीन अशी तुम्हाला आशा होती. डॉक्टरला घरी बोलवायचं आणि दुखतंय कुठे ते सांगायचं नाही, असला प्रकार. आणि गाडी गेल्यावर कोणाचं तरी नाव पुढे करणं भाग होतं, तर माझं होतंच.

तुम्ही चारचौघांत सांगता, अश्लेषाला मी मुलासारखं वाढवलं. मुलासारखं वाढवलं असतंत तर माझंही असंच झाकलं असतंत.

आता जे लिहायचं मघापासून टाळते आहे ते लिहिते. काल संक्रांतीच्या दिवशी ते जळलेलं गॅस्केट पिशवीत घालून मी ताराचंदजींकडे गेले. म्हटलं, पाहा, हे माझ्या हाताने गेलेलं नाही, आधीपासून पाणी जात होतं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. ट्रकच्या धंद्यात म्हातारा झालेला माणूस. म्हणाले, "पाणी जात होतं तं कमी होत असन ना? तुले दिसलं नाही काय वं?"

उत्तर माझ्या तोंडात होतं. तांब्या, हळद, लाल काटा, सगळं. पण समोर गावाकडची माणसं तिळगुळाला येऊन बसली होती, सगळी तुम्हाला ओळखणारी. मी एवढंच म्हटलं, "बाबाले विचारा." सगळ्यांना वाटलं असेल की पोरीजवळ उत्तर नाही. गॅस्केट पिशवीत घातलं आणि निघून आले. रस्त्यात स्वतःचाच इतका संताप आला! ज्यांनी माझं नाव जाऊ दिलं त्यांचं नाव चार लोकांत जाऊ नये म्हणून मी माझं पुन्हा एकदा जाऊ दिलं. ही झाकायची खोड मला तुमच्याकडूनच आली असणार.

ताराचंदजी रविवारी तुमच्याकडे येणार आहेत. शेड घ्यायला दुसरा एक जण तयार आहे, त्याला त्यांनी सोमवारपर्यंत थांबवून धरलं आहे. ते तुम्हाला एकच गोष्ट विचारणार आहेत, पाणी कमी होत होतं का. मी त्या सकाळी विचारलं होतं तेच. पियूष बहुतेक तिथेच बसलेला असेल. मी त्यांना आणखी काही समजवायला जाणार नाही, तुम्हालाही फोन करणार नाही. पत्र शनिवारपर्यंत पोचायला हवं, म्हणजे मला आधी कळलं असतं तर, असं म्हणायला तुम्हाला जागा राहणार नाही.

गाडी नीट झाली. आज सकाळी सुरू केली. रात्रभर उघड्यावर थंडीत उभी होती, तरी पहिल्याच सेल्फला उठली. मी मागे जाऊन धुराच्या नळीसमोर हात धरून उभी राहिले. धूर नाही. हिंगण्याचा तो माणूस खूश होऊन गेला. मिस्त्री कुठे आहे, हे त्याने विचारलं नाही. तुम्ही हे पाहायला हवं होतं असं क्षणभर वाटलं आणि त्याचाही राग आला.

बोर्डाचा पत्रा पांढरा रंग देऊन तयार आहे. शेड मिळो न मिळो, बोर्ड मी कुठेतरी लावणारच. पेंटर रोज विचारतो, मॅडम, नाव काय टाकू? तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण मी 'बाबाराव डिझेल वर्क्स' ठरवलं होतं. उद्घाटनाला बोलावून एकदम दाखवणार होते. ते आता राहिलं. माझंच नाव टाक म्हटलं, पूर्ण. आधी 'अश्लेषा' लिहून घे, शेवटी आडनाव लिहून घे, आणि मध्ये बापाच्या नावाची जागा सोडून ठेव. तिथे काही लिहायचं की नाही ते सोमवारी सांगते.

अश्लेषा .................. लांजेवार