वरच्या शेताचे सार्वभौमत्व

मी, गणपतराव हंबीरराव सरनोबत, वय वर्षे एकसष्ट, निवृत्त शिक्षक, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाविना लिहितो. शुद्धीबद्दल पेठेत दुमत आहे, कारण सहा वर्षे दर गुरुवारी मी तालमीच्या कट्ट्यावर लोकांना आंतरराष्ट्रीय कायदा समजावतो.

१. राहते घर पत्नी विमला हिला. माझ्या कायद्याच्या पुस्तिकेच्या न खपलेल्या गठ्ठ्यांवर तिने तांदळाचे पिंप ठेवले आहे, ते हलवू नये. पुस्तिकेचा एवढा उपयोग दुसऱ्या कोणी केलेला नाही.

२. पृथ्वीचा गोल केरबा वस्तादांना. "ह्यात आपलं कोल्हापूर कुठं हाय?" असे ते दर वेळी विचारत, म्हणून मी लाल ठिपका दिला. तो जरा मोठा पडला आणि गोवा त्याखाली गेला. पोर्तुगिजांची हरकत अद्याप आलेली नाही.

३. राधानगरीकडचे वरचे शेतही विमलाला. खालचे शेत माझे थोरले बंधू कै. बाळासो यांच्या पत्नी तानाबाई यांचे. ओढा एकच. चार वर्षांपूर्वी मी त्याला बांध घालून वर ऊस लावला. तेव्हापासून दाणा भरायच्या वेळी खाली वहिनींचे भात वाळते.

गेल्या गुरुवारी विषय होता, अनेक देशांतून वाहणाऱ्या नद्या. वरच्या देशाने खालच्याचे पाणी तोडू नये, असे मी टेबल बडवून सांगितले. मागून वहिनी उठल्या.

"भावजी, ह्यो कायदा आपल्या वड्याला लागू हाय का न्हाय?"

मी म्हणालो, हा नियम फक्त सार्वभौम राष्ट्रांसाठी आहे.

"मी राष्ट्र न्हाय, म्हणून माझं भात वाळवायचं व्हय?"

कोणी हसले नाही. सहा वर्षांत प्रथमच माझे व्याख्यान सर्वांना समजले होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, म्हणून घरी येऊन हे मृत्युपत्र लिहायला घेतले.

या कलमात आधी लिहिले होते, 'माझ्या पश्चात बांध काढावा.' विमलाने वाचले आणि म्हणाली, "तुमी आजून वीस वर्सं जगशीला. भात धा दिस बी दम धरायचं न्हाय."

ते वाक्य खोडले आहे. काल पहिल्या मोटारीने जाऊन बांध मी स्वतः फोडला. कंबर धरली आहे, ती कोणाला द्यावी सुचत नाही.

४. ज्याला मृत्युपत्राने काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये असा संकेत आहे. म्हणून वस्तादांची सही घेतली नाही. वहिनींबद्दल शंका निघाली, तर खुलासा असा: त्यांना मी काहीही दिलेले नाही. पाणी त्यांचेच होते.

कोल्हापूर, ता. १७ ऑक्टोबर १९५४
(सही) ग. हं. सरनोबत

साक्षीदार:
१. आण्णा भोपळे, शेजारी (सही)
२. तानाबाई बाळासो सरनोबत, निशाणी डावा अंगठा