सृष्टीचा आकडा

११ ऑगस्ट १९९५

अठ्ठ्याहत्तर! शाळेतल्या समुपदेशक बाईंनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं. "बुद्ध्यांक कमी आलाय. मनाला लावून घेऊ नका." सृष्टी बाहेर बाकावर पाय हलवत बसली होती. सात वर्षांची पोर. परीक्षा सगळी इंग्रजीतून. घराचं चित्र दाखवून विचारलं, यात काय राहिलंय? उत्तर होतं — धुराडं. ही म्हणाली, "शेजारचं घर."

घरी येताना मी तिचा हात धरला नाही.

१२ ऑगस्ट

मंगळूला सांगितलं. तो मोठ्याने हसला. "शेजारचं घर! बरोबरच सांगितलं की!" मग म्हणाला, "ही परीक्षा कुणाच्या पोरांवर बेतलीय, विचारलंस का?"

नाही विचारलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. सुरगाण्याकडचा कोकणा आदिवासी, टेलिफोनमध्ये इंजिनीअर. सगळ्या घरादाराशी भांडून मी याच्याशी लग्न केलं. आणि मनात काय आलं? हे याच्याकडूनच आलं असणार. शी! लिहितानासुद्धा लाज वाटते.

१३ ऑगस्ट

दादा आला होता. आईने सांगितलंच असणार. आई अजून मंगळूला 'मंगेश' म्हणते, खरं नाव तोंडात येत नाही तिच्या. दादाने कुठल्याशा मासिकात वाचलंय — अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांच्या बुद्ध्यांकावरून रणं पेटलीत. "समाजासमाजांत फरक असतोच गं. बोलायची चोरी, एवढंच. तुझ्याकडून तरी नाही आलं हे."

आणि मी! मी म्हणाले, "आपल्याकडे तर सगळे हुशारच."

मंगळू चहा घेऊन दारातच उभा होता. त्याने कप ठेवले. दादाला म्हणाला, "साखर बघा पुरेशी आहे का."

बस, एवढंच.

१४ ऑगस्ट

बोलत नाही. म्हणजे बोलतो, पण भाजी-दूध एवढंच.

३ सप्टेंबर

रोज पाढे घेते तिच्याकडून. आज सातचा अडला. "डोक्यात शिरतच नाही का तुझ्या?" — ओरडले. आता ती काहीही सांगायच्या आधी माझ्याकडे बघते. भाजी कोणती हवी विचारलं, तरी आधी माझ्याकडे बघते.

मंगळूने पुस्तक मिटून ठेवलं आणि तिला बाहेर घेऊन गेला.

१६ सप्टेंबर

कॉलेज रोडला एक बाई मराठीतून परीक्षा घेतात म्हणे. मंगळूनेच शोधलं. "मी नेतो तिला. तू येऊ नकोस, तुला बघून ती गांगरते." खरंच आहे. गेले दोघं स्कूटरवरून.

परत आल्या आल्या मंगळूने आकडा सांगितला. एकशे अकरा!!! मी रडलेच. लगेच दादाला फोन लावला. तो म्हणाला, "बघ! शेवटी आपलंच रक्त!" मी हसले. हो, हसले! मंगळू तिथेच खाली बसून सृष्टीच्या बुटांच्या नाड्या सोडत होता. मान वर केली नाही त्याने.

फोन ठेवल्यावर त्याची माफी मागायची होती. नाही मागितली.

१ ऑक्टोबर

पोर किती बदललीय! की आधीपासून अशीच होती? आज कणीक मळताना विचारते, "आई, मुंग्यांना शाळा नसते तर त्यांना ओळीत चालायला कोण शिकवतं?" मी मळायचं सोडून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. सातचा पाढा न अडता म्हटला. मी ओरडत नाही आता. ओरडावंसंच वाटत नाही. हुशार आहे माझी लेक!

८ ऑक्टोबर

वेणी घालताना सहज विचारलं, "त्या कॉलेज रोडच्या बाईंनी काय काय विचारलं गं तुला?"

"कोणत्या बाई? आम्ही तर सोमेश्वरला गेलो होतो. पाण्यात पाय सोडून बसलो. कणीस खाल्लं. बाबा म्हणाले, झाली तुझी परीक्षा."

एकशे अकरा. त्याने मनानेच सांगितलं. मला ऐकवायला.

तो दारात स्कूटर पुसतोय. माझ्याने बाहेर जाववत नाही.